दार अडतं कुठे?

कार्ल्याच्या मोठ्या चैत्यगृहात एक छोटासा शिलालेख आहे. धेनुकाकट इथल्या वेणुवासाच्या मुलाने, सामी नावाच्या माणसाने, दार घडवलं, असा त्याचा अर्थ. सामीचा व्यवसायही लेखात नोंदवला आहे: वढकी, म्हणजे सुतार. लेण्यांमध्ये दान देणाऱ्या व्यापाऱ्यांची, भिक्षूंची, राजघराण्यातल्या माणसांची नावं पुष्कळ सापडतात. हातात हत्यार धरणाऱ्याचं नाव सापडणं दुर्मिळ. दगडी लेण्यात सुताराचं काय काम, असं वाटलं तर आत जाऊन मान वर करावी. कमानदार छताला सागवानी फासळ्या बसवलेल्या दिसतात आणि त्यातल्या बऱ्याचशा मूळच्या, सुमारे 2000 वर्षांपूर्वीच्या आहेत. छत डोंगराचं, म्हणजे त्याला आधाराची काडीइतकी गरज नाही; तरी फासळ्या आहेत, कारण त्याआधीच्या इमारती लाकडी होत्या आणि डोळ्यांना तीच रचना घर म्हणून ओळखीची होती. जवळच्याच भाजे लेण्यात खांब आतल्या बाजूला कललेले आहेत, तेही लाकडी बांधकामाची आठवण म्हणूनच. महाराष्ट्रातल्या पाथरवटाने पहिले धडे सुताराकडून घेतले, असं म्हणायला ही दोन लेणी पुरेशी आहेत.

पुढे गावगाड्यात सुतार बारा बलुतेदारांपैकी एक झाला. नांगर, कुळव, पाभर, बैलगाडी ही त्याची वर्षभराची कामं. घर बांधायला निघालं की चौकट आणि दार त्याच्याकडेच. या सगळ्यात दाराचं काम वेगळ्या कसाचं असतं. पाट, चौरंग, कपाट जागच्या जागी बसून राहतात. दार दिवसातून पन्नास वेळा फिरतं, एका बाजूनेच टांगलेलं असतं, त्याचं सगळं वजन मोकळ्या कोपऱ्याला खाली ओढत असतं आणि त्याच्याभोवती जागा असते ती जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. त्यात एका बाजूला ऊन-पाऊस, दुसऱ्या बाजूला घरातली कोरडी हवा. सुताराचं गणित चुकलं की ते लपत नाही, दार ते रोज करकरून सांगतं.

आषाढ लागला की कोकणात हे करकरणं घरोघर ऐकू येतं. दार फुगतं, चौकटीला घासतं, खांद्याने ढकलावं लागतं. मग सुताराला निरोप जातो, तो रंधा मारून कड उतरवतो, दार सरकन लागतं, घरचे खूश. मार्गशीर्षात त्याच दाराच्या फटीतून गार वारा यायला लागतो. दार तेच, लाकूड तेच. पावसात घेतलेलं पाणी त्याने थंडीत सोडून दिलेलं असतं. अनुभवी सुतार म्हणूनच भर पावसात रंधा काढायला नाखूश असतो. फारच अडत असेल तर तो नेमकं जिथे घासतं तेवढंच हलकं उतरवतो आणि बाकीचं काम दिवाळीनंतरवर टाकतो. सल्ला ऐकायला टाळाटाळीसारखा वाटतो, पण तो शंभर टक्के बरोबर आहे.

कारण लाकूड सगळ्या दिशांना सारखं हलत नाही. झाड ज्या दिशेने उंच वाढतं त्या दिशेला, म्हणजे तंतूंच्या लांबीत, फरक इतका थोडा पडतो की सुताराने तो विसरावा. रुंदीत मात्र पडतो. सागवान या बाबतीत फार शहाणं लाकूड. ओलं कापल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत ते वर्तुळाकार वलयांच्या दिशेने जेमतेम 6 टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने अडीच टक्के आकसतं. तरीही हिशेब करून पाहावा. तीन फुटी, म्हणजे 900 मिलिमीटर रुंदीचं दार नुसत्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून केलं आणि लाकडातला ओलावा उन्हाळ्यातल्या 10 टक्क्यांवरून पावसात 15 टक्क्यांवर गेला, तर साध्या चिरलेल्या सागाचं ते दार 8 मिलिमीटरच्या आसपास रुंद होईल. कडेची फट 3 मिलिमीटर. दार अडणारच.

यावरचा तोडगा जगभरच्या सुतारांनी शोधला आणि तो आजही तसाच वापरात आहे. दोन उभ्या आणि दोन-तीन आडव्या पट्ट्यांची एक चौकट करायची आणि मधल्या मोकळ्या जागेत पातळ फळी, म्हणजे पॅनेल, खोबणीत बसवायचं. उभी पट्टी साधारण 100 मिलिमीटर रुंद. दाराच्या रुंदीत भर घालणारं लाकूड आता फक्त दोन उभ्या पट्ट्यांचं, मिळून 200 मिलिमीटर. आडव्या पट्ट्यांचे तंतू रुंदीच्याच दिशेने धावतात, त्यामुळे त्या लांब होत नाहीत. वरच्याच हिशेबाने आता दार वाढतं ते 2 मिलिमीटरच्या आत. पॅनेल फुगायचं तेवढं फुगतं, पण खोबणीच्या आतल्या आत. म्हणून तर पॅनेलला कधीही सरस लावत नाहीत, खिळा मारत नाहीत, आणि खोबणीच्या तळाशी दीड-दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडतात. हौसेने काम शिकणारा नेमकी इथे चूक करतो. मजबुतीसाठी तो पॅनेललाही फेव्हिकॉल लावतो आणि पहिल्याच उन्हाळ्यात पॅनेल मधोमध तडकतं. दाराच्या सांध्यांचं सगळं शास्त्र एवढ्यात येतं: चौकट आवळून धरायची, पॅनेल मोकळं सोडायचं, आणि कोणतं कुठे करायचं ते कापण्याआधी ठरवायचं.

आवळून धरण्याचं काम सांध्याचं. नवशिक्याने सुरुवात करावी ती अर्ध्या जाडीच्या जोडापासून. दोन्ही पट्ट्या एकमेकींवर आडव्या ठेवायच्या, दोन्हींची निम्मी जाडी तेवढ्या भागात काढायची आणि एक दुसरीत बसवायची. कारखान्यात याला हाफ लॅप म्हणतात. दिसायला सोपा, पण यात करवत रेघेच्या बाहेरच्या बाजूने चालवायची सवय, पटाशीने तळ सपाट करायची सवय आणि गुण्या लावून काटकोन तपासायची सवय, तिन्ही एकदम लागतात. ड्रॉवर करायचा असेल तर पुढे डव्हटेलकडे जावं लागतं. तो सुंदर सांधा आहे, पण दाराला त्याची गरज नसते. दाराला हवा कुसू आणि भोक. एका पट्टीच्या टोकाला जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात, आणि दुसऱ्या पट्टीत तिच्या मापाचं चौकोनी भोक पाडायचं.

भोक पाडताना सुताराचे हात जवळून पाहण्यासारखे असतात. लाकडाची एक बाजू आधी दर्शनी ठरवून तिच्यावर खूण केलेली असते आणि सगळी मापं त्याच बाजूकडून घेतली जातात, म्हणजे पट्टीच्या जाडीत उणं-अधिक असलं तरी दोन्ही पट्ट्यांचे दर्शनी पृष्ठभाग एका पातळीत येतात. भोकाची रुंदी पट्टीच्या जाडीच्या एक तृतीयांश. ही रुंदी सुतार पट्टीने मोजत बसत नाही. हाताशी असलेल्या पटाशीच्या पात्यावरून ठरवतो. 35 मिलिमीटर जाडीच्या पट्टीला 12 मिलिमीटरची पटाशी. मार्किंग गेजने दोन समांतर रेघा ओढल्या, टोकाच्या दोन रेघा पेन्सिलऐवजी सुरीने आखल्या. सुरी तंतू कापते, त्यामुळे कड भुरभुरत नाही. मग पटाशी उभी धरून मधोमध पहिला घाव. दुसरा थोडा अलीकडे, पातं जरा कलतं करून. दोन घावांमधली ढलपी अलगद उचलून बाहेर. असं करत तो टोकाच्या रेघेकडे सरकतो, पण रेघेवर येत नाही. दोन मिलिमीटर लाकूड राखून ठेवतो, कारण ढलपी उचकताना पटाशीची पाठ त्याच कडेवर टेकते आणि कड दबते. निम्मी खोली झाली की पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूने तेच. भोक आरपार झालं की मगच राखून ठेवलेलं लाकूड सरळ उभ्या पटाशीने साफ करायचं. पूर्वी हे सगळं जमिनीवर बसून, पट्टी पायाच्या अंगठ्याने दाबून चालायचं. आता बाकावर शिकंजा असतो. घावांचा क्रम तोच आहे.

कुसू कापताना नियम एकच: आधी भोक, नंतर कुसू. भोकात बदल करणं अवघड, कुसू मात्र रंधून, तासून मापात आणता येतो. तो हाताच्या जोराने, फार तर लाकडी मोगरीच्या एक-दोन टोल्यांनी आत गेला पाहिजे. घणाने ठोकावा लागला तर उभी पट्टी चिरणार, आणि उलटं धरल्यावर आपोआप गळून पडला तर सरसही त्याला वाचवणार नाही. कुसवाच्या मुळाशी जो खांदा असतो तो उभ्या पट्टीला सगळीकडे चिकटून बसायला हवा. दार लोंबकळत नाही ते या खांद्यामुळे. पुष्कळ जण कुसू घट्ट करण्यात जीव ओततात आणि खांद्याकडे दुर्लक्ष करतात.

दाराच्या वरच्या पट्टीचा कुसू टोकापर्यंत पूर्ण रुंदीचा ठेवला तर उभ्या पट्टीचं टोक उघडं पडतं आणि भोक वरून फुटतं. म्हणून तिथे कुसवाची रुंदी कमी करून वरच्या बाजूला एक ठेंगणा टप्पा ठेवतात. तो टप्पा पट्टीला पीळ पडू देत नाही. खालची आणि मधली, कुलुपाची, पट्टी रुंद असते, बऱ्याचदा 200 मिलिमीटर. तिला एकच रुंद कुसू दिला तर तो स्वतःच रुंदीत आकसून सैल होतो आणि भोकासाठी उभी पट्टी फार कापली जाते. तिथे एका कुसवाचे दोन करतात, मध्ये जागा सोडून. कुसवाची रुंदी त्याच्या जाडीच्या पाचपटीपेक्षा जास्त नको, हा सुतारांचा जुना हिशेब इथूनच आला. शेवटी आरपार गेलेल्या कुसवाच्या दोन्ही बाजूंना पाचर मारतात किंवा सांध्यातून आडवं भोक पाडून बांबूची खुंटी ठोकतात. भारतीय मानक ब्युरोची पॅनेलच्या लाकडी दारांसाठी आयएस 1003 आणि चौकटींसाठी आयएस 4021 अशी स्वतंत्र मानकं आहेत. सरकारी कामाच्या कंत्राटात त्यांचे क्रमांक असतात. घर बांधणाऱ्या कुटुंबाने त्यांची नावं माहीत करून घेतली तर कंत्राटदाराशी बोलताना ती कामी येतात.

वाड्यांची आणि किल्ल्यांची मोठी दारं या घराण्यातली नव्हेत. तिथे जाड फळ्या उभ्या लावून मागून आडव्या पट्ट्या घालत आणि लांब खिळे आरपार ठोकून पलीकडे वाकवत. दाराला बिजागरी नसे. पानाच्या एका कडेला वर आणि खाली लाकडाचीच खुंटी काढलेली, खालची उंबऱ्यातल्या किंवा दगडातल्या खळग्यात आणि वरची चौकटीतल्या भोकात फिरायची. या रचनेत दाराचं वजन थेट जमिनीत उतरतं, त्यामुळे काही मणांचं पानही एक माणूस ढकलू शकतो. पुण्याच्या शनिवारवाड्याचं बांधकाम 1730 मध्ये सुरू झालं. त्याच्या दिल्ली दरवाजाच्या प्रत्येक पानावर हत्तीच्या धडकेविरुद्ध 72 अणकुचीदार खिळे आहेत, आठ आणि नऊच्या ओळींत, आणि उजव्या पानात माणूस जाईल एवढी दिंडी आहे. 1828 च्या आगीत आतला लाकडी वाडा बहुतेक सगळा गेला. दरवाजा राहिला.

आजच्या घरात वजन बिजागऱ्यांवर आणि बिजागऱ्या चौकटीवर. त्यामुळे दार बसवण्याचं खरं काम दार येण्याच्या कितीतरी आधी, गवंडी भिंत उचलत असतानाच सुरू होतं. जुन्या पद्धतीच्या चौकटीला खाली लाकडी उंबरा असे, चारही बाजू सांधलेल्या, म्हणून ती आपला आकार सोडत नसे. आता उंबऱ्याच्या जागी ग्रॅनाइटची पट्टी येते आणि चौकट तीन बाजूंचीच राहते. तिचे दोन पाय मोकळे असतात. भिंतीचा दाब आला की ते आत येतात आणि वर तीन फूट असलेली जागा खाली पाऊण इंच कमी भरते. यावर उपाय अगदी साधा: पायांच्या टोकाशी एक आडवी पट्टी तात्पुरती ठोकायची आणि प्लास्टर सुकेपर्यंत काढायची नाही. कर्ण मोजून दोन्ही सारखे आहेत ना ते पाहायचं. ओळंबा दोन्ही पायांना लावायचा आणि तोही दोन बाजूंनी, समोरून आणि कडेने. भिंतीकडची बाजू डांबर लावून बंद करायची, म्हणजे सिमेंटचा ओलावा आणि वाळवी दोन्ही दूर राहतात. ओळंब्यात अर्ध्या सेंटिमीटरचा फरक राहिला तर दार आयुष्यभर आपोआप उघडत किंवा आपोआप मिटत राहील, आणि तेव्हा शिव्या सुताराला बसतील, गवंड्याला नाही.

दार टांगायच्या दिवशी पान आधी चौकटीत नुसतं उभं करून पाहतात, खाली पाचरी सरकवून. वर आणि दोन्ही कडांना 2 ते 3 मिलिमीटर, खाली फरशीपासून 5-6. चौकट काटकोनात नसली तर पान चौकटीच्या आकाराचं करावं लागतं. रंधा चालवताना वरच्या-खालच्या कडेशी सावध राहावं, कारण तिथे उभ्या पट्ट्यांचे तंतू टोकाने वर आलेले असतात. रंधा बाहेरून आत चालवायचा. आतून बाहेर गेला तर कोपऱ्याची चिप उडते. कुलुपाच्या बाजूची कड किंचित तिरकी ठेवतात. 35 मिलिमीटर जाडीत दीड-दोन मिलिमीटर उतार, जी कड आधी चौकटीत शिरते ती बारीक. दार वर्तुळात फिरतं, त्यामुळे त्याचा आतला कोपरा बाहेरच्यापेक्षा जास्त जागा मागतो. कड काटकोनी ठेवली आणि फट पुरेशी असली तरी दार नेमकं मिटताना लागतं, आणि नवशिका बिजागरीला दोष देत बसतो.

सात फुटी दाराला तीन बिजागऱ्या, चार इंची. वरची वरून सात इंचांवर, खालची खालून नऊ-दहा इंचांवर, तिसरी मध्ये. दार जड असेल तर तिसरी मधोमध न लावता वरच्या अंगाला घ्यावी, कारण दार लोंबकळताना ताण वरच्याच बिजागरीवर येतो. बिजागरीचं पान जागेवर ठेवून त्याच्याभोवती सुरी फिरवायची, त्याच्या जाडीएवढी खोली गेजने आखायची. मग त्या चौकटीत पटाशीचे उथळ घाव एकापाठोपाठ एक आडवे आणि नंतर पटाशी आडवी धरून ते सोलून काढायचे. बोटाने चाचपून पाहावं: धातू आणि लाकूड एका पातळीत लागलं की थांबायचं. खाच जास्त खोल झाली तर दार बिजागरीच्या बाजूला दाबलं जातं, मिटताना स्प्रिंगसारखं उलटतं आणि काही महिन्यांत स्क्रू उपटून येतात. झालीच खोल, तर पानामागे जाड पुठ्ठ्याचा तुकडा घालावा. जुने सुतारही हेच करतात. प्रत्येक पानाला आधी एकच स्क्रू. दार फिरवून पाहायचं, फट पाहायची, पटल्यावरच बाकीचे. स्क्रूसाठी बारीक भोक आधी पाडून ठेवावं आणि स्क्रूला साबण चोपडावा. पितळी स्क्रू असतील तर त्याच भोकात आधी लोखंडी घालून काढावेत, नाहीतर सागवानात पितळेची मान तुटते.

अडणाऱ्या दाराची तपासणीही यातच आली. मोकळ्या बाजूचा वरचा कोपरा घासत असेल तर रंध्याला हात लावण्याआधी वरच्या बिजागरीचे स्क्रू पिळून पाहावेत. दहापैकी बऱ्याच वेळा दार तिथेच सुटतं. भोक सैल झालं असेल तर सरस लावलेल्या काड्या ठोकून, सुकवून, पुन्हा स्क्रू. दार आपोआप मिटत असेल आणि चौकट हलवणं शक्य नसेल, तर बिजागरीची खीळ काढून हातोडीने मध्ये किंचित वाकवून परत घालतात. घर्षण वाढतं आणि दार जिथे सोडावं तिथे थांबतं. कुठे घासतं ते डोळ्यांना दिसत नसेल तर चौकटीला खडू चोळून दार मिटावं, डाग सांगतो.

सागवान महाग झालं आणि दारांचं जग बदललं. चंद्रपूर आणि गडचिरोलीचा साग अजूनही नावाजलेला आहे. 2023 च्या मार्चमध्ये बल्लारपूरहून अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी सागवान मिरवणुकीने रवाना झालं. म्यानमारने 2014 मध्ये गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून बर्मा टीक या नावाचं वजन उरलं, माल कमी झाला. कोकणात फणसाचं लाकूड दारांना चालतं आणि चांगलं चालतं. शहरांत फ्लश दार आलं. त्यातले पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात आणि एकमेकांना हलू देत नाहीत, म्हणून ते फुगत नाही. मात्र त्याच्या कडेला लाकडाची जेमतेम एक पट्टी असते. तिच्यापलीकडे रंधा गेला तर आतला गाभा उघडा पडतो. जुन्या मुंबईतल्या पाडलेल्या इमारतींची सागवानी दारं जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात विकायला येतात. त्यातलं एखादं उभं करून कडेने पाहिलं तर कुसवांची टोकं आणि पाचरी स्पष्ट दिसतात. विकत घ्यायचं नसलं तरी शिकणाऱ्याने ते जरूर पाहावं. पुस्तकातली आकृती जे सांगत नाही ते तिथे दिसतं.

शिकण्याच्या जागाही आहेत. आयटीआयमध्ये सुतारकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. वुडवर्क टेक्निशियन हे त्याचं आताचं नाव. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला आणि हाताने काम करत विज्ञान शिकण्याची त्यांची पद्धत तिथून ग्रामीण शाळांमध्ये गेली. शाळकरी मुलाच्या हातात गुण्या आणि करवत देणं हे शिक्षण आहे, ही त्यांची भूमिका आजच्या पालकांनाही सांगण्यासारखी आहे.

घरी सुरुवात करायची तर सामान थोडं पुरतं: बारीक दातांची एक करवत, 12 आणि 25 मिलिमीटरच्या दोन पटाश्या, एक रंधा, गुण्या, मार्किंग गेज, मोगरी आणि धार लावायचा दगड. दगड सगळ्यात आधी घ्यावा. पहिलं दार घराचं नको. विजेच्या मीटरच्या पेटीचं किंवा देवघराखालच्या कप्प्याचं, फूट-दीड फुटाचं करावं. चार पट्ट्या, चार कुसू, चार भोकं, मध्ये एक पॅनेल, दोन बिजागऱ्या. मोठ्या दारात जे जे लागतं ते सगळं त्यात येतं आणि लाकूड वाया गेलं तरी हळहळ होत नाही. टांगण्याआधी पॉलिश सहाही बाजूंना लावावं, वरच्या आणि खालच्या कडेलाही. टांगलेल्या दाराच्या या दोन कडा कुणाला दिसत नाहीत, म्हणून त्या बहुतेक घरांत कोऱ्याच राहतात, आणि उघड्या पडलेल्या तंतूंच्या टोकांतून सगळ्यात जास्त पाणी तिथूनच शिरतं.